शास्त्रज्ञ जाक मोनो

दुधास विरजण लावून रात्रभर ठेवले असता सकाळी दही तयार होते, हे आमच्या घरोघरच्या माताभगिनींस सांगावयास नको. दुधात जी किंचित गोडी असते ती एका शर्करेची असते. तिला दुग्धशर्करा अथवा लॅक्टोज असे म्हणतात. विरजणातील सूक्ष्म जंतू ही शर्करा खातात, तिचे आम्ल बनवितात, आणि त्या आम्लाच्या योगाने दूध घट्ट होते. परंतु ज्यास तोंड नाही, हात नाहीत, पोट नाही, असा एक क्षुद्र जीव शर्करा खातो म्हणजे नेमके काय करतो? ती त्याच्या अंगात शिरते कशी? आणि दोन निरनिराळ्या शर्करा एकाच वेळी त्याच्यापुढे मांडल्या तर तो आधी कोणतीस हात घालतो? हा शेवटचा प्रश्न कोणास पोरकट वाटेल. तथापि ह्याच प्रश्नाचा पिच्छा एका फ्रेंच विद्वानाने सुमारे तीस वर्षे पुरविला, आणि त्यातून जीवशास्त्राचे एक अगदी नवे दालन उघडले गेले. त्या विद्वानाचे, म्हणजे जाक मोनो ह्यांचे, चरित्र ह्या अंकी आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

मोनो ह्यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० रोजी पॅरिस शहरी झाला. त्यांचे घराणे फ्रान्सातील प्रॉटेस्टंट पंथाचे असून त्यात अनेक नामांकित धर्मोपदेशक होऊन गेले होते. वडील ल्युसियाँ मोनो हे चित्रकार होते. वाचनाचा त्यांस विलक्षण नाद असे, व डार्विनचे ग्रंथ मुलाच्या हाती प्रथम त्यांच्यामुळेच पडले. आई अमेरिकेतील मिलवॉकी गावची, स्कॉटिश वंशाची. बालपणी जाक ह्यांस पोलिओचा विकार झाला व डावा पाय कायमचा अधू राहिला. असे असूनही पुढे ते डोंगरकडे चढणारे व शिडाची होडी हाकणारे गृहस्थ म्हणून मित्रमंडळीत प्रसिद्ध झाले. १९१७ साली हे कुटुंब दक्षिणेस समुद्रकाठी कान ह्या गावी राहावयास गेले, आणि मोनो ह्यांचे शालेय शिक्षण तेथेच पार पडले. घरी चित्रे, पुस्तके व संगीत ह्यांचा सहवास अखंड होता. चेलो हे वाद्य ते लहानपणीच शिकले, आणि त्याची गोडी त्यांस जन्मभर पुरली.

१९२८ साली ते पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात दाखल झाले व तीन वर्षांनी पदवीधर झाले. ह्यानंतरची काही वर्षे मात्र त्यांची गाडी रुळावर आली असे म्हणता येणार नाही. तेथील जीवशास्त्राचे शिक्षण काळाच्या मागे पडलेले होते. खरे शिक्षण आपणांस ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील रॉस्कॉफ येथील सागरी प्रयोगशाळेत भेटलेल्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांकडून मिळाले, असे ते पुढे सांगत. १९३४ साली ते शार्को ह्या प्रसिद्ध दर्यावर्दी शास्त्रज्ञाच्या ‘पुर्क्वा-पा’ ह्या जहाजातून ग्रीनलंडच्या सफरीवर गेले. दोन वर्षांनी तेच जहाज पुन्हा उत्तरेकडे निघाले, तेव्हा मोनो ह्यांनीही जावे असे ठरत होते. परंतु बोरिस एफ्रुसी ह्या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांचे मन वळविले आणि आनुवंशशास्त्र शिकण्याकरिता त्यांस अमेरिकेस नेले. सप्टेंबर १९३६ मध्ये ‘पुर्क्वा-पा’ आइसलंडच्या किनाऱ्यावर वादळात सापडून फुटले, व एक खलाशी वगळता शार्कोंसह सर्व मंडळी बुडाली.

कॅलिफोर्नियात मोनो ह्यांस थॉमस मॉर्गन ह्यांच्या जगद्विख्यात प्रयोगशाळेत प्रवेश मिळाला होता. फळमाशीवर प्रयोग करून आनुवंशिक गुणांची जागा पेशीतील कोणत्या धाग्यावर असते हे ज्यांनी दाखविले तेच हे मॉर्गन. अशा ठिकाणी पोचलेला तरुण रात्रंदिवस अभ्यासात गढून जाईल असे कोणासही वाटेल. पण आमच्या चरित्रनायकाचा बराच काळ तेथे गायकमंडळी जमविण्यात आणि वाद्यवृंद चालविण्यात गेला! पॅरिसला परतल्यावरही बाखचे संगीत गाणाऱ्या एका मंडळीचे ते नायक होते, व संगीतासच आयुष्य वाहावे की काय ह्या विवंचनेत ते तिशीच्या उंबरठ्यापर्यंत होते. मुलगा पेटी किंवा सतार घेऊन बसला की जे पालक कपाळास हात लावतात, त्यांनी एवढी गोष्ट ध्यानी घ्यावी. १९३८ साली त्यांचा विवाह ओदेत ब्र्युल ह्या विदुषीशी झाला. पूर्वेकडील देशांच्या प्राचीन कलेचा त्यांचा व्यासंग होता, व पॅरिसच्या गीमे संग्रहालयाशी त्यांचा दीर्घकाळ संबंध राहिला. पुढल्याच वर्षी ह्या दांपत्यास जुळे पुत्र झाले.

आता मूळ विषयाकडे वळू. सॉर्बोनमधील आपल्या लहानशा प्रयोगशाळेत मोनो ह्यांनी जंतूंच्या वाढीचा अभ्यास आरंभिला. ह्या कामी त्यांनी मुख्यतः ई. कोलाय हा जंतू घेतला. हा मनुष्याच्या आतड्यात नेहमी वस्ती करून असतो, व त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. पाणी, काही क्षार आणि एखादी शर्करा एवढ्यावर त्याचा संसार चालतो. उबदार जागी ठेवला असता अशा साध्या अन्नावर तो सुमारे तासाभरात एकाचे दोन, दोनांचे चार, असा वाढत जातो. जंतू वाढतील तसतसा द्रव गढूळ होतो, आणि गढूळपणा यंत्राने मोजता येतो. काही काही मिनिटांनी ही मोजणी करून मोनो कागदावर बिंदू मांडीत व ते जोडून आलेख काढीत. शर्करा संपेपर्यंत रेषा चढत जाई. संपली की आडवी होई. शर्करा दुप्पट घातली तर जंतूंचे पीकही दुप्पट येई. येथवर सर्व हिशेब वाण्याच्या वहीप्रमाणे चोख होता.

मग त्यांनी दोन शर्करा एकत्र घातल्या. द्राक्षशर्करा म्हणजे ग्लुकोज, व तिच्या जोडीस फळांत असणारी फ्रुक्टोज, अशी जोडी घेतली तेव्हा रेषेत काही फरक पडला नाही. परंतु ग्लुकोजबरोबर दुग्धशर्करा घातली, तेव्हा रेषा चढता चढता मध्येच थबकली. काही काळ जंतूंची वाढ जणू खुंटली. आणि मग रेषा दुसऱ्यांदा चढू लागली. एका टेकडीवर दुसरी टेकडी ठेवावी तसा तो आलेख दिसे. पहिली टेकडी किती उंच होईल हे केवळ ग्लुकोजच्या प्रमाणावर अवलंबून असे, आणि दुसरीची उंची दुग्धशर्करेच्या प्रमाणावर. म्हणजे अर्थ उघड झाला: दोन्ही ताटे समोर असताना जंतू आधी ग्लुकोजचे ताट चाटूनपुसून साफ करतो, मग थोडा वेळ हात आखडून बसतो, आणि त्यानंतर दुसऱ्या ताटाकडे वळतो. ह्या प्रकारास मोनो ह्यांनी ग्रीक भाषेतून ‘डायऑक्सी’, म्हणजे दुहेरी वाढ, असे नाव दिले.

आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी आलेख काढतात तेव्हा एखादा बिंदू रेषेबाहेर गेला की तो हळूच खोडून सरळ रेषेत आणून बसवितात, हे आम्ही नित्य पाहतो. मोनो ह्यांनी तो मधला खळगा खोडला नाही. उलट त्याच्याच मागे ते लागले. १९४० सालच्या डिसेंबरात, म्हणजे जर्मन सैन्य पॅरिसमध्ये येऊन सहा महिने झाले असता, ते आपला आलेख घेऊन पाश्चर संस्थेतील आंद्रे ल्वॉफ ह्यांच्याकडे गेले. ल्वॉफ त्यांच्याहून आठ वर्षांनी वडील, व सूक्ष्म जीवांच्या पोषणाचे मोठे जाणकार होते. आलेख पाहताच ते म्हणाले की, ह्याचा संबंध एन्झाइमांच्या अनुकूलनाशी असावा. एन्झाइम म्हणजे सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी द्रव्ये. आमच्या लाळेत पिष्टाचे रूपांतर शर्करेत करणारे असेच एक द्रव्य असते. काही एन्झाइमे जंतूंच्या अंगी सदैव असतात, तर काही विशिष्ट अन्न समोर आल्यावरच उत्पन्न होतात, असे फिनलंडच्या कार्स्ट्रोम नामक संशोधकाने वर्णिले होते. मोनो ह्यांनी हा शब्दही पूर्वी ऐकला नव्हता, व तसे ते पुढे मोकळेपणाने सांगत. पण आलेखातील खळग्याचा उलगडा त्यांस तत्क्षणी झाला: दुग्धशर्करा फोडण्याचे हत्यार जंतूपाशी तयार नसते, ते घडविण्यासाठी लागणारा वेळ म्हणजेच तो खळगा.

१९४१ साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला व डॉक्टर ही पदवी मिळविली. सॉर्बोनच्या मंडळींस ह्या कामाचे काही विशेष वाटले नाही, असे ल्वॉफ ह्यांनी पुढे नमूद केले आहे.

ह्या सुमारास पॅरिसमध्ये जगणेच कठीण झाले होते. ओदेत ज्यू कुळातील असल्यामुळे कुटुंबावर सतत टांगती तलवार होती. मोनो ह्यांनी गुप्त प्रतिकार चळवळीत उडी घेतली. १९४३ पासून ते एका सशस्त्र दलात सामील झाले, टोपणनावाने वावरू लागले, आणि पुढे देशभरच्या प्रतिकारसेनेच्या मुख्य कार्यालयात लढाईच्या योजना आखण्याचे काम त्यांच्याकडे आले. आकाशातून उतरविलेली शस्त्रे हस्तगत करणे, रेल्वेमार्ग उखडणे, शत्रूचे टपाल अडविणे, अशी ही कामे होती. सापडले असते तर छळ व मृत्यू निश्चित होता, आणि त्यांच्या वरच्या जागी काम करणारे लोक एकामागून एक सापडतही होते. सॉर्बोनमध्ये त्यांच्या प्रयोगशाळेबाहेर जिराफाचा एक सांगाडा उभा होता. त्याच्या पायाच्या पोकळ हाडांत ते गुप्त कागद दडवून ठेवीत. पुढे सॉर्बोनमध्ये येणेही धोक्याचे झाले, तेव्हा ल्वॉफ ह्यांनी त्यांस पाश्चर संस्थेत आपल्या पोटमाळ्यावरील प्रयोगशाळेत जागा दिली. घरी राहावयाची सोय नाही, रोज नवे नाव, नवा पत्ता. आणि अशा स्थितीतही संधी मिळेल तेव्हा हे गृहस्थ जंतूंच्या बशा पाहात बसत.

तेथे आलीस ओद्युरो ह्या विद्यार्थिनीच्या साहाय्याने त्यांनी एक महत्त्वाचा प्रयोग केला. ज्या जंतूंस दुग्धशर्करा मुळीच पचत नाही अशा जातीची वाढ केली असता, क्वचित एखादा जंतू असा निपजतो की त्यास व त्याच्या सर्व वंशजांस ती पचू लागते. प्रयोगातील ही जात खुद्द ल्वॉफ ह्यांच्या आतड्यातून मिळविलेली होती! ह्यावरून असे दिसले की हत्यार घडविण्याची कुवत वंशपरंपरेने, म्हणजे जनुकांतून, येते. शर्करेची उपस्थिती त्या कुवतीस केवळ कामास लाविते. कुवत आणि तिचा वापर ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद मोनो ह्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया झाला.

पॅरिस मुक्त झाल्यावर ते काही काळ फ्रेंच सैन्यात अधिकारी होते. तेथे अमेरिकन सैन्याच्या फिरत्या वाचनालयात त्यांच्या हाती लुरिया व डेलब्रुक ह्यांचा १९४३ सालचा निबंध पडला. जंतूंमधील बदल परिस्थितीच्या इच्छेने घडत नसून आपोआप, कोठेही, केव्हाही घडतात, हे त्यात गणिताने सिद्ध केले होते. युद्ध संपताच १९४५ साली ते पाश्चर संस्थेत कायमचे रुजू झाले.

येथे एका प्रकरणाचा उल्लेख केल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. युद्धकाळात मोनो साम्यवादी पक्षाचे सभासद झाले होते. १९४८ साली सोव्हिएत रशियात लायसेंको नामक गृहस्थाने मेंडेलचे आनुवंशशास्त्र खोटे आहे असे सरकारी बळावर ठरवून घेतले, व त्या देशातील आनुवंशशास्त्रज्ञांचा छळ अधिकच वाढला. मोनो पक्षापासून आधीच दूर झाले होते. पण त्यांचे पुष्कळ स्नेही अद्याप त्याच गोटात होते. तरीही त्या वर्षी १५ सप्टेंबर रोजी ‘काँबा’ ह्या पॅरिसच्या वृत्तपत्रात त्यांनी लायसेंकोच्या मताचे जाहीर खंडन केले. ह्या लेखामुळे त्यांनी जुने सोबती गमावले. आल्बेर काम्यू ह्या थोर साहित्यिकाशी त्यांचा दृढ स्नेह जडला तोही ह्याच काळात. बंदुकीपुढे उभे राहणाऱ्या माणसासही आपल्याच मित्रांविरुद्ध उभे राहणे अनेकदा जमत नाही. म्हणून ह्या लेखाचे मोल आम्हांस त्यांच्या लढाईतील कामगिरीइतकेच वाटते.

पोटमाळ्यावर आता देशोदेशीचे तरुण गोळा होऊ लागले. मेल्व्हिन कोन हे अमेरिकन तरुण १९४८ च्या सुमारास आले. त्यांनी, जेर्मेन कोएन-बाझीर ह्यांनी व मोनो ह्यांनी मिळून दुग्धशर्करेसारखी दिसणारी निरनिराळी द्रव्ये जंतूंस चारून पाहिली. त्यांत मौज अशी दिसली की काही द्रव्ये जंतूस हत्यार घडवावयास लावीत, परंतु त्या हत्याराने ती स्वतः फुटत नसत. उलट काही द्रव्ये फुटत, पण हत्यार घडवावयास लावीत नसत. कुलपाशिवाय किल्ली आणि किल्लीशिवाय कुलूप! म्हणजे अन्नाची वर्दी मिळणे आणि अन्न पचणे हे एकच काम नव्हे.

ह्या काळी मोनो ह्यांचे स्वतःचे मत असे होते की, दुग्धशर्करा फोडणारे एन्झाइम कोरे करकरीत बनत नसावे. पेशीत आधीच असलेला कच्चा माल शर्करेच्या संगतीने त्या रूपात वळत असावा. हे मत त्यांनी अनेक वर्षे आग्रहाने मांडले होते. १९५५ साली हॉगनेस, कोन व मोनो ह्यांनी किरणोत्सर्गी गंधकाच्या साहाय्याने जंतूंमधील प्रथिनांवर खुणा घालून पाहिल्या. खुणा असलेल्या जुन्या प्रथिनांतून नव्या एन्झाइमात काहीच येत नाही, ते मुळापासून नवे बनते, असे निष्पन्न झाले. मोनो ह्यांनी आपले जुने मत टाकून दिले, व ज्या निबंधाने ते खोटे ठरविले त्याखाली आपले नाव घातले.

आता दाराची गोष्ट. काही जंतू असे आढळले की त्यांच्या पोटात हत्यार तयार असे, समोर दुग्धशर्करेचा साठाही असे, तरी ते उपाशी! त्यांचे अंग फोडून आतील रस काढला की तोच रस शर्करा झटपट फोडी. तेव्हा शर्करा आत शिरतच नसली पाहिजे. १९५६ साली रिकेनबर्ग, जॉर्ज कोएन, ब्युतँ व मोनो ह्यांनी दाखविले की जंतूच्या बाह्य पापुद्र्यात दुग्धशर्करेकरिता खास द्वारपाल असतो. तो बाहेरील द्रव्य ओळखून आत घेतो, इतकेच नव्हे, तर बाहेरच्यापेक्षा शेकडा पटींनी दाट असा साठा आत करू शकतो. त्यास त्यांनी ‘पर्मिएज’ हे नाव दिले. असा द्वारपाल खरोखर आहे की नाही ह्याविषयी काही विद्वान अनेक वर्षे साशंक होते. १९६५ साली अमेरिकेत फॉक्स व केनेडी ह्यांनी ते प्रथिन ओळखून काढले, आणि २००३ साली कॅबॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची घडण अणुरेणूंच्या पातळीवर प्रकाशित केली. दुग्धशर्करेचा एक कण आत येतो तेव्हा हायड्रोजनचा एक विद्युत्भारित कण तिच्यासोबत आत येतो, व त्याच्या ओढीने हे दार चालते, असे आता ज्ञात आहे. आत आल्यावर दुग्धशर्करेचे दोन तुकडे होतात: एक ग्लुकोज, दुसरा गॅलॅक्टोज. दुसराही काही पायऱ्यांनी पहिल्याच्याच वाटेस लागतो. मग सहा कर्बांच्या ह्या शर्करेचे तीन-तीन कर्बांचे दोन भाग होतात आणि त्यातून निघणाऱ्या शक्तीवर जंतूचा सर्व कारभार चालतो.

पोटमाळ्याच्या दुसऱ्या टोकास फ्रांस्वा जाकोब काम करीत असत. शल्यवैद्य होण्याची त्यांची आकांक्षा होती. परंतु १९४४ साली नॉर्मंडीत ते जबर जखमी झाले, व ती वाट बंद झाली. ते जंतूंवर जगणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करीत, आणि बराच काळ दोघांनाही आपापले विषय निराळे वाटत होते. १९५७ साली आर्थर पार्डी हे अमेरिकन शास्त्रज्ञ पॅरिसला आले, तेव्हा ह्या तिघांनी एक युक्ती केली. काही जंतू आपली जनुके नळीवाटे दुसऱ्या जंतूस देतात. सदासर्वकाळ, शर्करा नसतानाही, हत्यार घडविणारी एक बिघडलेली जात असते. आणि शर्करा असेल तरच घडविणारी नेहमीची जात असते. ह्या दोन जातींच्या जनुकांची एकाच पेशीत गाठ घालावयाची, व कोणाचे चालते ते पाहावयाचे.

मोनो ह्यांची अटकळ होती की बिघडलेली जात अंगच्याअंगी काही चेतविणारे द्रव्य बनवीत असावी. पण घडले उलट. नेहमीच्या जातीची जनुके पेशीत शिरताच आरंभी हत्यार झपाट्याने बनू लागले, आणि सुमारे दोन तासांच्या आत ते बनणे थांबले. ह्याचा अर्थ असा की नेहमीची जातच काहीतरी बनवीत होती, आणि ते चेतविणारे नसून दडपून ठेवणारे होते! लिओ झिलार्ड ह्या पदार्थविज्ञानवेत्त्यानेही अशाच दुहेरी नकाराची कल्पना मोनो ह्यांच्या कानी घातली होती. दुग्धशर्करेसाठी लागणाऱ्या जनुकांच्या तोंडाशी एक पहारेकरी द्रव्य बसलेले असते. त्यास ‘रिप्रेसर’ म्हणतात. शर्करा आत आली की तिच्यापासून बनलेले एक द्रव्य त्या पहारेकऱ्यास चिकटते, तो जागा सोडतो, आणि काम सुरू होते. हत्याराचे जनुक, दाराचे जनुक, सारी एका ओळीत बसलेली असून एकाच पहाऱ्याखाली असतात. ह्या जुळणीस ‘ऑपेरॉन’ हे नाव मिळाले. जनुकातील आज्ञा काही काळ टिकणाऱ्या एका निरोप्याकरवी प्रथिने बनविणाऱ्या जागी पोचते, हेही जाकोब व मोनो ह्यांनी १९६१ सालच्या आपल्या विस्तृत निबंधात मांडले. १९६६ साली गिल्बर्ट व म्युलर-हिल ह्यांनी तो पहारेकरी जंतूंतून प्रत्यक्ष वेगळा काढला, आणि तर्काने मांडलेली वस्तू खरी ठरली.

१९६५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जाकोब, ल्वॉफ व मोनो ह्या तिघांस मिळून देण्यात आले. १९३५ नंतर फ्रान्सात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांस विज्ञानातील नोबेल पारितोषिक मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग.

मानमरातब आले, तरी जुना स्वभाव पालटला नाही. हंगेरीतील ॲग्नेस उलमान ह्या तरुण संशोधिकेस व तिच्या पतीस तेथील राजवटीत राहणे अशक्य झाले होते. १९६० साली मोनो ह्यांनी गुप्तपणे जुळवाजुळव करून त्यांस एका वाहनात दडवून सरहद्दीपार आणविले. १९६८ साली पॅरिसच्या रस्त्यांवर विद्यार्थी व पोलीस ह्यांची जुंपली, तेव्हाही नोबेल पारितोषिकाचा हा मानकरी रात्री जखमी विद्यार्थ्यांच्या मदतीस रस्त्यावर होता. १९७० साली त्यांचा ‘यदृच्छा आणि अपरिहार्यता’ अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ निघाला व जगभर गाजला. सृष्टीत हेतू नाही, मनुष्य केवळ योगायोगाने उपजला, असे त्यात प्रतिपादन आहे. धर्मोपदेशकांच्या कुळातील ह्या पुरुषाचा तो निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. जंतूच्या आतील यंत्रणा उलगडली म्हणजे ती का आहे ह्याचे उत्तर मिळाले असे आम्ही समजत नाही. परंतु जे आपणांस खरे दिसले ते त्यांनी आडपडद्याविना लिहिले, आणि आमच्या वरच्या वर्गातील वाद घालणाऱ्या मुलांनी तो ग्रंथ वाचल्यास आम्ही तो त्यांच्या हातून काढून घेणार नाही.

१९७१ साली ते पाश्चर संस्थेचे प्रमुख झाले. संस्था कर्जात बुडत चालली होती. तिची घडी बसविण्यात त्यांची अखेरची वर्षे खर्ची पडली, आणि प्रयोगशाळेत जाणे जवळजवळ सुटले. १९७२ साली ओदेत निवर्तल्या. रक्ताच्या विकाराने मोनो ह्यांची प्रकृती ढासळली, तेव्हा ते बालपणीच्या कान गावी गेले, व ३१ मे १९७६ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांस त्याच गावी मूठमाती देण्यात आली.

आमच्या चौकस वाचकांच्या मनात एक शंका राहिली असेल. दुग्धशर्करा समोर असतानाही ग्लुकोज संपेपर्यंत पहारेकरी जागा का सोडीत नाही? ह्या प्रश्नाचा निकाल मोनो ह्यांच्या हयातीत पुरता लागला नाही. १९६८ साली त्यांनी व उलमान ह्यांनी दाखविले की ‘चक्रीय एएमपी’ नामक द्रव्य बाहेरून घातले असता ग्लुकोजचा हा अडथळा दूर होतो. तेव्हा ग्लुकोजच्या योगाने पेशीतील हे द्रव्य घटते, व म्हणून दुग्धशर्करेची जनुके सुस्त राहतात, असा समज पक्का झाला व पाठ्यपुस्तकांत गेला. परंतु त्याआधीच, १९६४ साली, अमेरिकेत रोजमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुकोजचे दार शोधले होते. त्या दारातून आत येता येताच शर्करेच्या अंगावर फॉस्फेटचा एक तुकडा चढविला जातो, आणि हा तुकडा काही प्रथिने हातोहात पुढे पोचवितात. ग्लुकोज वेगाने आत येत असते तेव्हा ह्या साखळीतील एक प्रथिन रिकाम्या हाताने राहते. आणि ते रिकामे प्रथिन जाऊन दुग्धशर्करेच्या द्वारपालास धरून ठेवते. दार बंद, म्हणून वर्दी नाही. वर्दी नाही, म्हणून पहारेकरी हलत नाही. १९९६ साली इनादा, किमाता व आइबा ह्या जपानी संशोधकांनी दाखविले की मोनो ह्यांच्या आलेखातील त्या खळग्याचे मुख्य कारण चक्रीय एएमपी नसून हे अडविलेले दारच होय. त्या वेळी मोनो ह्यांच्या मृत्यूस वीस वर्षे झाली होती, आणि ल्वॉफ ह्यांस निवर्तून दोन.